डिलिव्हरीचे सरकारी पैसे कसे मिळवायचे अन् ते अडकतात कुठे

उत्तर नागपुरात माझं ऑनलाइन फॉर्मचं छोटंसं दुकान आहे, आधार, इन्कम, जातीचा दाखला, लाडकी बहीण सगळंच चालतं, आणि दर थोड्या दिवसांनी कोणाचा तरी नवरा नाहीतर सासू येते अन् म्हणते, ताई, सरकारी दवाखान्यात डिलिव्हरी केली तर सहा हजार भेटतात म्हणे, फॉर्म भरून द्या ना. कितवा महिना चालू आहे विचारलं की म्हणतात, अहो बाळ तं पाच महिन्याचं झालं. तेव्हा हे सगळं एकदाच लिहून ठेवते, ज्यांच्या घरी कोणी पोटुशी आहे त्यांनी वाचा आणि जमलं तर आजच कामाला लागा, कारण यातले अर्धे पैसे डिलिव्हरीच्या आधी केलेल्या कामावर ठरतात.

पहिली गोष्ट, "सहा हजार" नावाची एक योजना नाहीच. दोन वेगळ्या योजनांचे पैसे लोकं एकत्र मोजतात अन् तिसरी योजना, जिच्यात खरा पैसा वाचतो, तिचं नावही घेत नाहीत.

जननी सुरक्षा योजना

ही जुनी, १२ एप्रिल २००५ पासूनची. दवाखान्यात येऊन डिलिव्हरी करा, आम्ही रोख मदत देतो, असा सरळ हिशोब. सरकारने तेव्हा राज्यांचे दोन गट पाडले, जिथे घरीच बाळंतपणं जास्त व्हायची तिथे जास्त पैसे, बाकीकडे कमी. महाराष्ट्र दुसऱ्या गटात. म्हणून पलीकडे मध्य प्रदेशात गावातल्या बाईला १४०० रुपये आणि आपल्याकडे गावातल्या बाईला ७००, शहरातल्या बाईला ६००. छिंदवाड्याच्या नणंदेला जास्त भेटले अन् आपल्याले काऊन नाही म्हणून आशाताईशी भांडू नका, तिच्या हातात काहीच नाही.

आपल्याकडे हे पैसे फक्त एससी, एसटी आणि दारिद्र्यरेषेखालच्या बायांनाच मिळतात. डिलिव्हरी सरकारी दवाखान्यात किंवा सरकारने मान्यता दिलेल्या खाजगी दवाखान्यात पाहिजे. कितवं बाळ आणि आईचं वय किती ही अट दवाखान्यातल्या डिलिव्हरीसाठी २०१३ मध्येच काढून टाकली, त्यामुळे "तिसरं आहे, आता नाही मिळणार" असं कोणी म्हटलं तर ऐकून घ्यायचं नाही. बीपीएल घरातल्या बाईची डिलिव्हरी घरीच झाली तरी ५०० रुपये आहेत, पण त्या ५०० साठी घरी बाळंतपण करू नका बाप्पा.

आशाताईलाही यात मानधन आहे, गावात ६०० आणि शहरात ४००, त्यातलं अर्धं गरोदरपणातल्या तपासण्या पूर्ण करून घेतल्याबद्दल आणि अर्धं दवाखान्यात नेल्याबद्दल. हे सांगते कारण काही सासवा म्हणतात की "तिला कमिशन भेटते म्हणून मागं लागते". भेटते तर भेटू दे ना, रात्री दोन वाजता तुमच्या सुनेसोबत ॲम्ब्युलन्समध्ये तीच बसते.

मातृ वंदना

प्रधानमंत्री मातृ वंदना योजना १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे, आणि १ एप्रिल २०२२ पासून तिचे नियम बदलले. जुने व्हिडिओ पाहून लोकं अजून तीन हप्ते, तीन हप्ते करून राहिले, तसं आता नाही. पहिल्या बाळाला ५००० रुपये, दोन हप्त्यांत, आधी ३००० मग २०००. दुसरं बाळ मुलगी असेल तर ६००० एकरकमी, बाळ झाल्यावर. दुसरा मुलगा झाला तर काही नाही. दुसऱ्या वेळी जुळी झाली अन् त्यात एक जरी मुलगी असली तर मिळतात.

बऱ्याच जणांना हे माहीतच नाही की मातृ वंदनासाठी सरकारी दवाखान्यातच डिलिव्हरी पाहिजे अशी अट नाही. धंतोलीत खाजगीत सिझर झालं तरी पैसे मिळतात, पण नोंदणी आणि माता-बाल संरक्षण कार्ड सरकारी पाहिजे. म्हणून सोनोग्राफी अन् डॉक्टर खाजगी असले तरी आपल्या भागातल्या आशाताईकडे किंवा नागरी आरोग्य केंद्रात नाव टाकून कार्ड घ्यायलाच पाहिजे.

कोणाला मिळते याची यादी लांब आहे अन् त्यातलं एक जरी बसलं तरी चालतं. एससी-एसटी, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व, बीपीएल कार्ड, रेशनच्या अन्नसुरक्षेत नाव, आयुष्मानचं कार्ड, ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचं जॉब कार्ड, किसान सन्मान निधी, किंवा घरचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत. अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि आशाताई स्वतः गरोदर असल्या तर त्याही. आता ८ लाखांच्या आत म्हटल्यावर नागपुरातली किती घरं सुटतात सांगा. ऑटोवाला, दुकानात काम करणारा, खाजगी शाळेतली टीचर, सगळे बसतात, पण "आपण कुठे गरीब आहोत" म्हणून अर्जच करत नाहीत. कायम सरकारी नोकरीतल्या बायांना मात्र नाही, आणि ज्यांना दुसऱ्या कायद्याखाली असाच मातृत्व लाभ मिळतो त्यांनाही नाही. आईचं वय १८ वर्षं ७ महिने पूर्ण पाहिजे. आधारवर जन्मतारीख चुकीची पडलेली असेल, बऱ्याच जुन्या आधारवर नुसती १ जानेवारी टाकलेली असते, तर इथेच अर्ज लटकतो, म्हणून ती आधी दुरुस्त करून घ्या.

तिसरी योजना, जिच्यात खरा पैसा वाचतो

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम, १ जून २०११ पासून. नाव जननी सुरक्षासारखंच आहे म्हणून लोकं दोन्हीची खिचडी करतात. यात खात्यात रुपयाही येत नाही. पण सरकारी दवाखान्यात नॉर्मल असो का सिझर, डिलिव्हरी फुकट, औषधं फुकट, रक्त-लघवी-सोनोग्राफी फुकट, रक्त चढवावं लागलं तर तेही फुकट, नॉर्मलला ३ दिवस आणि सिझरला ७ दिवस जेवण, घरून दवाखान्यात न्यायला गाडी, मोठ्या दवाखान्यात रेफर केलं तर गाडी, आणि परत घरी सोडायलाही गाडी. आजारी बाळाचा इलाजही फुकट, सुरुवातीला हे ३० दिवसांपर्यंत होतं, नंतर वर्षापर्यंत वाढवलं. यात जात, रेशनकार्ड, कितवं बाळ काही बघत नाहीत, जी बाई सरकारी दवाखान्यात आली तिला हे सगळं लागू.

मी तर येणाऱ्या प्रत्येकाला हेच म्हणते, दवाखाना ठरवताना ६०० रुपयांकडे पाहू नका. ते डिलिव्हरीनंतर येतील, कधी उशिरा येतील. पण गाडीभाडं, औषधं, रक्ताची पिशवी हा खर्च त्याच रात्री खिशातून जाणार असतो, तो वाचवायचा असेल तर हा तिसरा कार्यक्रम तोंडपाठ पाहिजे.

आता काम कधी काय करायचं

पाळी चुकली, घरी टेस्ट केली, की त्याच आठवड्यात आशाताईला किंवा अंगणवाडीताईला सांगायचं. तीन महिने झाल्याशिवाय कोणाला सांगायचं नाही अशी आपल्याकडे पद्धत आहे ना, गावाला नका सांगू, पण आशाताईला सांगा. मातृ वंदनाच्या पहिल्या हप्त्याची अटच आहे की शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत नोंदणी आणि निदान एक तपासणी झालेली पाहिजे. दिवस शेवटच्या पाळीपासून मोजतात, टेस्ट पॉझिटिव्ह आली तेव्हापासून नाही. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण कार्डावर एक, सोनोग्राफीच्या रिपोर्टवर दुसरी आणि फॉर्ममध्ये तिसरी असं झालं की पुढे निस्तरत बसावं लागतं.

नोंदणी झाली की माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं, सगळे त्याला नुसतं "कार्ड" म्हणतात. हे कार्ड म्हणजे तुमचा सातबारा समजा, तपासणी, इंजेक्शन, वजन, बीपी, एचबी, बाळाचे डोस, सगळं त्याच्यावर चढतं अन् प्रत्येक योजनेत तेच मागतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, आणि तपासणी झाली की सिस्टरने तारीख टाकून सही केली का ते तिथेच उभं राहून बघा. खाजगी डॉक्टरकडे जात असाल तर त्यांच्याकडूनही ह्याच कार्डावर नोंद करून घ्या, त्यांच्या फाईलवरची नोंद आपल्या काही कामाची नाही. नोंदणीचा एक लांबलचक आरसीएच नंबरही असतो, तो कार्डावर लिहून घ्या.

तपासण्या निदान चार. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची डॉक्टरकडून फुकट तपासणी असते, २०१६ पासून चालू आहे. गर्दी असते, सकाळी लवकर जा, सोबत खायला न्या. एचबी फार कमी, बीपी जास्त, आधी सिझर झालेलं, जुळी, असं काही असेल तर ते याच तपासणीत समजतं आणि मग डिलिव्हरी गावच्या आरोग्य केंद्रात करायची का सरळ नागपूरला आणायचं हे आधीच ठरवता येतं.

दवाखाना सातव्या महिन्यापर्यंत ठरवून टाका. शहरात गांधीबागेजवळ डागा, हे बायांचंच सरकारी हॉस्पिटल आहे. मनपाचं पाचपावली सूतिकागृह आहे. धोक्याची केस असेल तर मेडिकल नाहीतर मेयो, ही दोन्ही सरकारी मेडिकल कॉलेजची मोठी हॉस्पिटलं. जिल्ह्यात रामटेक, कामठीला उपजिल्हा रुग्णालय, बाकी तालुक्यांत ग्रामीण रुग्णालय अन् गावाजवळ प्राथमिक आरोग्य केंद्र. साधी केस असेल तर गावच्या पीएचसीत व्यवस्थित नॉर्मल डिलिव्हरी होते, प्रत्येक बाई उचलून मेडिकलला आणायची गरज नाही, तिथे एका कॉटवर दोघी असतात हे तुम्हीपण पाहिलंच असेल. पण जिथे ठरवलं तिथे एकदा आधी जाऊन केसपेपर काढून या, रात्री कळा सुरू झाल्यावर गेट कुठलं हे शोधत फिरू नका.

गाडीसाठी १०२ गरोदर बाईंसाठी आहे आणि १०८ इमर्जन्सीसाठी. दोन्ही नंबर बाईच्या स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह पाहिजेत, नवऱ्याच्या नाही, कारण तो नेमका नाईट ड्युटीवर असतो. कुही-भिवापूरकडे, देवलापारकडे पावसाळ्यात नाला भरला की गाडी अडकते, तिथल्या लोकांनी तारखेच्या आठ दिवस आधीच बाईला दवाखान्याजवळच्या नातेवाइकाकडे आणून ठेवावं, मी तर स्पष्टच सांगते. दुर्गम आदिवासी भागातल्या काही आरोग्य केंद्रांजवळ "माहेरघर" आहे, तिथे गरोदर बाईला आधी येऊन राहता येतं, आपल्या भागात आहे का ते आशाताईला विचारा.

खातं, खातं, खातं

माझ्याकडे येणाऱ्या दहातले आठ लोकं इथेच अडकलेले असतात. मातृ वंदनाचे पैसे खाते नंबरवर येत नाहीत, आधारवर येतात. म्हणजे बाईच्या आधारला जी बँक शेवटी जोडली तिथे. तुम्ही फॉर्मसोबत पासबुक एका बँकेचं दिलं आणि आधार जोडलेलं दुसरीकडे, तर पैसे दुसरीकडे पडतात अन् तुम्ही वर्षभर म्हणत राहता की आलेच नाहीत. सिम कार्ड घेताना, नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानात अंगठा देताना एखाद्या पेमेंट बँकेत खातं उघडून गेलेलं असतं आणि बाईला पत्ताच नसतो. मागे एक बाई रडकुंडीला आली होती, आम्ही शोधलं तर तिचे ३००० रुपये अशाच एका खात्यात निवांत पडलेले, त्याचं पासबुक नाही, एटीएम नाही.

तपासायचं असं. आधारच्या वेबसाइटवर माय आधारमध्ये लॉगिन करा, ओटीपी येतो, आत "बँक सीडिंग स्टेटस" आहे, तिथे बँकेचं नाव आणि ॲक्टिव्ह का इनॲक्टिव्ह ते दिसतं. इनॲक्टिव्ह असेल किंवा भलतीच बँक असेल तर आपल्या बँकेत जाऊन आधार सीडिंगचा फॉर्म भरा, आणि तो भरताना काउंटरवर नीट सांगा की "डीबीटीसाठी लिंक करायचं आहे", डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येणं. नुसतं आधार लिंक करा म्हटलं की ते केवायसीला जोडून मोकळे होतात, ते वेगळं अन् हे वेगळं. चार-पाच दिवसांनी परत स्टेटस बघा.

याहून सोपी युक्ती म्हणजे बाईला लाडकी बहीणचे पैसे येत असतील तर ते ज्या खात्यात येतात तिथेच हेही येणार. तेवढं खातं चालू ठेवा, बस. खातं बाईचं एकटीचं पाहिजे, नवऱ्यासोबतचं जॉइंट नको.

ज्यांच्या आधारला मोबाईल नंबरच जोडलेला नाही किंवा जुना बंद नंबर आहे, त्यांनी सगळ्यात आधी ते करा, कारण पुढचं सगळं ओटीपीवर चालतं. त्यासाठी सेंटरवर स्वतः जावं लागतं, म्हणून नवव्या महिन्यात उन्हात लाईनीत उभं राहण्यापेक्षा चौथ्यात जा. नागपूरचा मे महिना तुम्हाला माहीत आहे.

नावाचं पण बघा. लग्नानंतर नाव बदलायचं का हा प्रश्न मला सगळे विचारतात. आधारवर माहेरचं नाव आहे, बँकेत सासरचं आणि कार्डावर घरात हाक मारतात ते, असं असेल तर अडचण होणारच. माझं मत असं की या योजनेसाठी म्हणून घाईघाईने आधारचं नाव बदलायला जाऊ नका. आधारवर जे आहे तेच बँकेत अन् तेच कार्डावर ठेवा, माहेरचं असलं तरी चालतं. जातीचा दाखला तर बापाकडचाच लागतो, तो तसाही माहेरच्या नावानेच असतो. नवऱ्याचं आधार पूर्वी बंधनकारक होतं, नव्या नियमांत तसं नाही, त्यामुळे एकटी आई असेल, नवरा सोडून गेला असेल, तरी अर्ज होतो. कोणी नवऱ्याच्या आधारसाठी परत पाठवलं तर हे सांगा.

पहिलं बाळंतपण माहेरी

आता आपल्याकडे पहिली डिलिव्हरी माहेरी, हे ठरलेलंच. नोंदणी नागपुरात सासरी झाली, सातव्यात डोहाळजेवण झालं की बाई भंडाऱ्याला नाहीतर उमरेडला आईकडे, आणि कार्ड सासरच्या कपाटात! कार्ड सोबत न्यायचं. गेल्या गेल्या तिथल्या आशाताईला दाखवायचं आणि सांगायचं की नोंदणी नागपूरची आहे, नवीन करू नका, हाच नंबर वापरा. दोन ठिकाणी दोन नोंदण्या झाल्या की कॉम्प्युटर डुप्लिकेट म्हणून एक उडवतो आणि कोणती उडेल सांगता येत नाही. जननी सुरक्षाचे पैसे जिथे डिलिव्हरी झाली तिथून होतात, म्हणून जातीचा दाखला किंवा रेशनकार्डाची झेरॉक्स, आधार, पासबुकाची झेरॉक्स असा एक सेट पिशवीत आधीच भरून ठेवा. बाळाचे पुढचे डोस माहेरीच झाले तर तेही ह्याच कार्डावर चढवून घ्या.

वॉर्डात

भरती होताना कार्ड दाखवा. औषध बाहेरून आणायची चिठ्ठी दिली तर शांतपणे विचारा, सिस्टर, हे जननी शिशु सुरक्षामध्ये बसत नाही का? बऱ्याचदा एवढ्यावर आतूनच मिळतं. खरंच साठा नसेल अन् आणावंच लागलं तर पक्कं बिल घ्या आणि चिठ्ठीचा फोटो काढा. त्या वेळी भांडत बसू नका, बाई आत आहे. रक्ताच्या पिशवीसाठी पैसे मागू शकत नाहीत, घरच्यांनी रक्तदान करा म्हणाले तर जमेल त्याने करा, ते चांगलंच आहे, पण रक्तदान नाही म्हणून बाईचं रक्त अडवता येत नाही.

अन् ते "पेढे". आमच्या घरातल्याच एका डिलिव्हरीला, दवाखाना कोणता ते राहू द्या, बाळ दाखवायच्या आधीच "मुलगा झाला, खुशी द्या" म्हणून वॉर्डातली मावशी दारात उभी. पाचशेच्या खाली हात खाली करत नव्हती. म्हणजे सरकार सहाशे देणार आणि त्यातले पाचशे दारातच गेले. मुलगी झाली असती तर दोनशेवर मिटलं असतं, याचा राग जास्त आला. असं झालं तर अधीक्षकांच्या नावाने लेखी द्या, नाहीतर १०४ वर फोन करा, हा आरोग्य विभागाचा नंबर आहे. सुट्टी होताना परतीच्या गाडीची आठवण स्वतः करून द्यायची, मागितली नाही तर कोणी देत नाही. डिस्चार्ज कार्डवर बाईचं नाव, बाळाचं लिंग, तारीख, वजन नीट आहे का ते तिथेच वाचा, नंतर दुरुस्तीसाठी चकरा माराव्या लागतात.

बाळ झाल्यावर

मातृ वंदनाच्या दुसऱ्या हप्त्याला दोन गोष्टी लागतात, जन्माची नोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतचे डोस, म्हणजे जन्मताच, दीड महिना, अडीच महिने आणि साडेतीन महिन्यांचे.

जन्मदाखल्यात एक गंमत होते. लोकं बारशाची वाट पाहतात, बारसं आत्या येईपर्यंत थांबतं, आत्या पुण्याहून दिवाळीत येते, आणि तोपर्यंत दाखला नाही. अहो नावाशिवाय दाखला निघतो! नाव वर्षभरात फुकट टाकता येतं, त्यानंतरही थोडी फी भरून टाकता येतं. २१ दिवसांच्या आत नोंद फुकट आहे. दवाखान्यात डिलिव्हरी झाली की दवाखाना माहिती पाठवतो, तरी दाखला हातात येईपर्यंत आपण मागे लागायचं.

दुसरी मुलगी झाली असेल तर २७० दिवसांच्या आत अर्ज झाला पाहिजे, आणि त्या वेळचीही नोंदणी गरोदरपणातच झालेली पाहिजे, मुलगी झाल्यावर आठवण आली असं चालत नाही. मध्येच गर्भपात झाला किंवा बाळ पोटातच दगावलं, तर त्या बाईचा हक्क संपत नाही, पुढच्या वेळी तिला नव्याने धरतात. हे बायांना कोणी सांगतच नाही अन् त्या विचारायलाही जात नाहीत.

आणखी कुठून

नवरा किंवा बाई बांधकाम कामगार मंडळात नोंदलेली असेल तर नॉर्मलला १५,००० आणि सिझरला २०,००० रुपये आहेत, दोन बाळांपर्यंत. नागपुरात मिस्त्री, पेंटर, टाईल्सवाले, सेंट्रिंगवाले एवढे लोकं आहेत आणि नोंदणी किती जणांची? वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि नोंदणी दरवर्षी रिन्यू करावी लागते. डिलिव्हरीच्या वेळी ती चालू पाहिजे, संपलेली असेल तर अर्ज बाद. मातृ वंदनाचा अर्ज भरताना हा लाभ घेतला असेल तर लपवू नका.

कंपनीत कामाला असलेल्या बाईला २०१७ पासून पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवडे पगारी सुट्टी आहे, आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं पाहिजे. पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जात असेल तर हे पैसे ईएसआयकडून येतात. हिंगणा-बुटीबोरीच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे असलेल्या बायांनी पगाराच्या स्लिपवर ईएसआय नंबर आहे का बघा, बऱ्याच जणींना स्वतःचा नंबर माहीत नसतो.

मुलगी झाली आणि रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल तर लेक लाडकीचा अर्ज अंगणवाडीताईकडे द्या. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे, जन्मल्यावर ५०००, पहिलीत ६०००, सहावीत ७०००, अकरावीत ८००० आणि १८ पूर्ण झाल्यावर ७५,०००, म्हणजे सगळे मिळून १ लाख १ हजार. घरचं उत्पन्न वर्षाला १ लाखाच्या आत दाखवावं लागतं, त्याचा दाखला सेतूतून काढायचा.

पैसे आलेच नाहीत तर

आधी खातं तपासा, वर सांगितलं तसं. मग आशाताईकडून अर्जाचा नंबर घ्या आणि स्टेटस पाहा. "पेंडिंग" असेल तर कुठल्यातरी ऑफिसात मंजुरीला पडून आहे, तिथे वरच्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारायचं. "करेक्शन" आलं असेल तर काय चुकलं ते तिथेच लिहिलेलं असतं, नव्वद टक्के वेळा आधार, पाळीची तारीख नाहीतर कार्डाचा अस्पष्ट फोटो. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो फॉर्वर्ड करून करून धूसर होतो, मूळ कार्डच घेऊन सेंटरवर या. नवीन अर्ज भरू नका, जुनाच दुरुस्त करा. मातृ वंदनाची हेल्पलाइन १४४०८ आहे.

आणि फोनवरून कोणी म्हटलं की मातृ वंदनाचे पैसे मंजूर झाले, ओटीपी सांगा नाहीतर ही लिंक उघडून पिन टाका, तर समजा की चोर आहे. त्याला बाळाचं नाव, दवाखाना, तारीख सगळं माहीत असलं तरी चोरच. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. फोन ठेवा, नंबर ब्लॉक करा, अन् दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन पासबुकात एन्ट्री मारून बघा.